गिरणीच्या भोंग्यापासून संगणकापर्यंत : आमच्या मुलांनी उभे राहायचे कुठे?

वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपते, सरणत्तय होते आणि मंडळी घरोघरी निघतात. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी एक कुटुंब मात्र मागे रेंगाळले. वडील एका कंपनीत वॉचमन. सोबत त्यांची पत्नी, बी.कॉम. झालेली मोठी मुलगी आणि बारावी सायन्स पास झालेला मुलगा. वडिलांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले.

“जयभीम भाऊ. उद्या सोमवारी कॉलेजात पैसे भरायचेत. कॉम्प्युटरची सीट आहे, ते ए.आय. का काय म्हणतात, त्यातली. शेवटचीच आहे म्हणतात. एकदा कागद बघून घ्या.”

पाकिटात दीड लाख रुपये होते. पत्नीच्या बांगड्या मोडून काही, उरलेले पतपेढीचे कर्ज. कागद पाहिला. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून होता. मी सवयीने, कारकुनी माणूस, पाकिटाच्याच मागे हिशेब मांडला. एका वर्षाचे दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. वडिलांचा पगार महिन्याला सोळा हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ९२ हजार. पुढच्या वर्षीचे दीड लाख कुठून येणार, याला कोणाकडेच उत्तर नव्हते. तेव्हा त्या माउली हळूच म्हणाल्या, “बांगड्या गेल्या त्याचं काही नाही हो भाऊ. पण पोरगं मधेच कॉलेज सोडून घरी आलं तर?”

वाचकहो, हा प्रश्न त्या एका माउलीचा नाही. तंत्रज्ञान बदलले, बाजार बदलला, नोकऱ्या बदलल्या. अशा वेळी आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी उभे राहायचे कुठे, हा आज घराघरातला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू या.

खात्याचे दार

या मुलाचे आजोबा गिरणीत कामाला होते, रिंग खात्यात. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत राबले, पण बहुतेक सगळे सूत कातण्याच्या खात्यांत. जास्त मजुरी मिळे ती विणाई खात्यात, आणि तिथे आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला कसा चालणार? यंत्र इंग्लंडहून आलेले, पण त्याच्यासमोर कोणी उभे राहायचे हे ठरवले जातीने! १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी प. पू. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. इतरांच्या मागण्यांबरोबर आमच्या माणसांना विणाई खात्याचे दार उघडण्याची मागणीही त्यांनी लावून धरली.

बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी शेतीवरचा जादा माणसांचा भार कमी करण्यासाठी औद्योगिकीकरणाचा मार्ग सांगितला होता. यंत्राने माणसाला उसंत द्यावी, प्रतिष्ठा द्यावी, हा त्यांचा आग्रह. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसते बी.ए., एल.एल.बी. होऊन भागणार नाही, नव्या विद्येच्या खात्यात आपली मुले शिरली पाहिजेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्याच काळातील प्रयत्नांचे फळ होय. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले गेले. दार कुठले आणि त्या दारापर्यंत पोरगा पोहोचणार कसा, या दोन्ही गोष्टींचा विचार त्या एका माणसाने केला.

आरक्षण राहिले, खुर्ची गेली

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. संप फसला, कापडाचा धंदा यंत्रमागांकडे गेला आणि गिरण्यांच्या जागी मॉल व टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. पण तोवर शिकलेली पिढी रेल्वे, पोस्ट, टेलिफोन, बँक आणि सरकारी कचेऱ्यांत शिरली होती. मॅट्रिक व्हायचे, टायपिंगच्या परीक्षा द्यायच्या, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायचे. आपल्या कितीतरी घरांना पक्की भिंत लागली ती याच वाटेने.

१९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, म्हणजे आपण ज्याला ‘खाउजा’ म्हणत आलो ते. त्याच्या हातात हात घालून संगणक आला. बँकांत लेजर गेले, संगणक बसले, आणि २०००-०१ साली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. २०२० च्या जानेवारीअखेर भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी निवृत्त झाले. मी स्वतः टाइपरायटर बडवून कारकून झालो. आमच्या कचेरीत तेव्हा सहा टेबले होती, आज दोन आहेत. काम कमी झालेले नाही, दोघेच सहा जणांचे करतो.

हे नीट लक्षात घ्या. आरक्षणाचा कायदा कोणी रद्द केला नाही. ज्या खुर्चीवर आरक्षण होते ती खुर्चीच उचलली गेली. जिथे खुर्ची राहिली तिथे कंत्राट आले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा आदेश काढला होता. राज्यभर रोष उसळला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो मागे घेतला गेला हे खरे, पण त्यातून दिशा कळते.

आणि दुसरी बाजूही पाहा. संगणक बँकेत आला, पोस्टात आला, पण गटारात यंत्र वेळेवर आले नाही. हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो अधिक कडक झाला, तरी गटारात गुदमरून माणसे मरतच आहेत. तेव्हा यंत्र आपोआप येते आणि सर्वांचे भले करते, हा भ्रम आपण तरी बाळगू नये. ते कुठे येणार आणि कोणाच्या हाती लागणार, हे सत्ता, पैसा आणि माहिती ज्यांच्याकडे आहे ते ठरवतात.

आजचे यंत्र

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅट जी.पी.टी. हे यंत्र लोकांपुढे आले. पत्र लिहून देणे, भाषांतर करणे, माहितीचा तक्ता बनवणे, ग्राहकाच्या साध्या प्रश्नाला उत्तर देणे, अशी कामे ते क्षणात करते. नीट पाहिले तर ही कामे कोणाची? कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची! डेटा एन्ट्री, कॉल सेंटर, कचेरीतला शिकाऊ कारकून, ही शिडीची पहिली पायरी. तीच आता डळमळू लागली आहे. संगणक क्षेत्रातही सारे आलबेल नाही. देशातील सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले.

दुसरीकडे मोबाइलवरून चालणारी नवी कामे वाढली आहेत. जेवण पोहोचवणे, सामान पोहोचवणे, गाडी चालवणे वगैरे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची २०२०-२१ मधील संख्या ७७ लाख धरलेली आहे. काम कष्टाचे आणि प्रामाणिक आहे, त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तिथे ठरलेला पगार नाही, रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. आजोबांच्या वेळी निदान गिरणीचा भोंगा वाजला की पाळी संपत असे. या कामात भोंगा वाजतच नाही.

मग मुलांनी संगणकाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. विणाई खात्याचे दार उघडा म्हणून लढणाऱ्या बापाची आपण लेकरे. नव्या खात्यात आपल्याला शिरायचेच आहे. पण ‘ए.आय.’ अशी पाटी लावलेल्या कुठल्याही दुकानात बांगड्या ओतणे म्हणजे शिरणे नव्हे.

एका कागदाची किंमत

आता पुन्हा त्या पाकिटाकडे येऊ. मी मुलाला विचारले, “अरे, तुझी सी.ई.टी. झाली आहे, मार्क बरे आहेत. मग सरकारी प्रवेश फेरीतून अर्ज का नाही केलास?” तो खाली मान घालून म्हणाला, “काका, जात वैधता प्रमाणपत्र नाही. माहीतच नव्हतं. एजंट म्हणाला, आता त्याला उशीर झाला, आमच्याकडून घ्या.”

त्या घराचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. केंद्रीय प्रवेश फेरीतून गेला असता तर शिष्यवृत्ती मिळून तीच पदवी जवळजवळ फुकट झाली असती. व्यवस्थापन कोट्याच्या प्रवेशाला मात्र ना शिष्यवृत्ती, ना फीचा परतावा. म्हणजे सहा लाख आणि जवळजवळ शून्य यांतला फरक मार्कांचा नव्हता, एका कागदाचा होता!

आणि इथे मला स्वतःचीच लाज वाटली. हा मुलगा अकरावीत असताना जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन माझ्याच पुढे चालत होता. मी त्याला पाण्याची बाटली दिली. ‘पडताळणीचा अर्ज केलास का,’ एवढे चार शब्द विचारले नाहीत. आम्ही कार्यकर्ते वर्गणी गोळा करण्यात तरबेज, पण कोणत्या महिन्यात कोणता अर्ज सुटतो याचा कागद विहाराच्या भिंतीवर आम्ही कधी लावला नव्हता.

इतका वेळ गप्प असलेली मुलगी तेव्हा बोलली. “काका, मी गेल्या वर्षी टॅली आणि जी.एस.टी.च्या क्लाससाठी पैसे मागितले होते. पप्पा म्हणाले, नाहीत.” ती बी.कॉम. होऊन एका मॉलमध्ये अकरा हजारांवर बिले फाडत होती. वडील काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पण बंधूंनो, आपण सर्वांनीच याचा विचार करावा. मुलाच्या खोट्या सीटसाठी दीड लाख उभे राहतात आणि मुलीच्या खऱ्या शिक्षणासाठी काही हजार उभे राहत नाहीत, हे कोणत्या धम्मात बसते?

पैसे भरायचे नाहीत, असे त्या रात्री ठरले.

हाती असलेले हक्क

त्यानंतर आम्ही जे जे शोधले ते इथे थोडक्यात देतो. कात्रण कापून ठेवा.

पहिली गोष्ट, जात वैधता. मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेली की त्याच वर्षी कॉलेजमार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करा. आपल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, असे कागद गावी जाऊन काढावे लागतात. त्याला महिने लागतात, म्हणून आधी निघा. धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्याही सवलती मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढून ठेवा.

दुसरी, शिष्यवृत्ती. आई-वडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. अर्ज महा-डी.बी.टी.वर दरवर्षी करावा लागतो, एकदा करून भागत नाही. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते.

तिसरी, मधली वाट. बारावी सायन्स झालेल्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आय.टी.आय. झालेल्यालाही. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. राज्यात चारशेच्यावर शासकीय आय.टी.आय. आहेत. इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन, इलेक्ट्रॉनिक्स या हातांच्या कामांना पडद्यावरचे यंत्र सहजासहजी उचलू शकत नाही.

चौथी, शिकाऊ उमेदवारी. खाजगी नोकरीत आरक्षण नाही हे आपण जाणतो. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जातींसाठी जागा राखीव आहेत आणि हा कायदा खाजगी कारखान्यांनाही लागू आहे! तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. किती कार्यकर्ते कंपनीच्या दारात जाऊन हा कायदा दाखवतात?

पाचवी, कॉमर्सच्या मुलांसाठी. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला आणि लहानसहान व्यापाऱ्यालाही विवरणपत्र भरणारा माणूस लागू लागला. यंत्राने वहीवरचा कारकून काढला, पण हिशेब समजणारा माणूस त्याला काढता आला नाही. तेव्हा बी.कॉम.च्या जोडीला टॅली, जी.एस.टी. आणि संगणकावरचे टंकलेखन शिका. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी पदांना मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग आजही लागतो.

आणि विद्यार्थ्यांना एक सांगणे. ते नवे यंत्र जरूर वापरा, त्याला शंका विचारा, इंग्रजी सुधारून घ्या. पण प्रोजेक्ट त्याच्याकडून लिहून घेऊन नुसती सही करू नका. यंत्र चुकते. ती चूक ज्याला ओळखता येते त्याला काम राहते. ज्याला ओळखता येत नाही त्याच्या जागी यंत्रच पुरते.

पुढे काय झाले?

त्या मुलाने तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. वैधतेच्या कागदांसाठी बापलेकांनी गावी तीन खेपा घातल्या. कोतवाल बुकात पणजोबांचे नाव सापडले त्या दिवशी वडिलांनी तिथूनच मला फोन केला. यंदा पदविका हाती घेऊन, वैधता प्रमाणपत्र जोडून, तो केंद्रीय फेरीतून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गेला. एक वर्ष जास्त जाईल, पण कर्ज नाही. पतपेढीचे पैसे तेव्हाच परत गेले होते. उरलेल्यातून मुलीचा क्लास झाला, आणि ती आज एका कर सल्लागाराच्या कचेरीत १९ हजारांवर आहे. आईच्या बांगड्या काही परत आल्या नाहीत. मुलगी म्हणते, मी करीन.

शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका मुलाच्या घरी मात्र त्याच वर्षी एजंटाला पैसे दिले गेले होते. दुसऱ्या वर्षीची फी भरता आली नाही. तो मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जेवणाची पार्सले पोहोचवतो आणि बाप अजून हप्ते फेडतो. हुशारीत तो तसूभरही कमी नव्हता. त्याच्या घरी त्या रविवारी कोणी पाकिटामागे हिशेब मांडला नाही, एवढाच फरक.

म्हणून समाजबांधव आणि भगिनींनो, खाजगी क्षेत्रात आरक्षण द्या, रिक्त जागा भरा, कंत्राटी भरती बंद करा, या मागण्या रस्त्यावर मांडल्याच पाहिजेत. बाबासाहेबांनी दिलेला संघर्षाचा मार्ग आपण सोडणार नाही. पण मोर्चा संपल्यावर घरी येऊन मुलाच्या दप्तरातले कागदही पाहिले पाहिजेत. आमच्या विहारात गेली दोन वर्षे जून ते ऑगस्ट दर रविवारी वाचनानंतर एक टेबल लागते. एक कारकून, एक शिक्षिका, संगणक येणारी दोन मुले. टेबलाचा खर्च जयंतीच्या वर्गणीतून, डी.जे.चा एक भोंगा कमी करून भागवला. पहिल्या वर्षी थोडी कुरकुर झाली, यंदा कोणी बोलले नाही. भिंतीवर तारखांचा कागद लागलेला आहे. तो लिहिला आहे त्या बी.कॉम. झालेल्या मुलीने, ठळक निळ्या अक्षरात.

आपल्या विहारात असे टेबल आहे काय? नसेल तर येत्या रविवारी लावा. त्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि विचारणारे एक माणूस पुरते.

जयभीम!